टोर्टोलाची टपालपेटी, आइसलँडचा पंतप्रधान आणि आपला मॉरिशसमार्ग

खाडीपलीकडे (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१२

मागच्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "मोठी माणसं पैसा स्विस बँकेत टाकतात आणि आपला टीडीएस मात्र पगारातूनच कापला जातो." यातला दुसरा भाग सोळा आणे खरा. पहिल्याबद्दल थोडं सांगावंसं वाटलं, म्हणून हा धागा. मी बँकेतून निवृत्त झालोय. ३१ वर्षांच्या नोकरीतली शेवटची १२ फोर्टातल्या शाखेत, परकीय चलनाच्या टेबलावर गेली. त्या टेबलावर बसलं की माणूस जगाचा नकाशा वेगळा वाचायला लागतो. मॉरिशस म्हटल्यावर समुद्रकिनारा आमच्या डोक्यात यायचाच नाही.

तर आधी टोर्टोला. कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधलं हे सगळ्यात मोठं बेट. सगळी बेटं मिळून वस्ती तीस-पस्तीस हजार. आमच्या ठाण्यात महापालिकेच्या एका प्रभागात याहून जास्त माणसं राहतात. आणि तिथे नोंदलेल्या चालू कंपन्या साडेतीन ते चार लाख. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी दहा तरी कंपन्या! १९८४ मध्ये त्यांनी कायदा केला: कंपनी इथे नोंदवा, धंदा बाहेर करा, आम्ही कर मागणार नाही आणि मालकाचं नाव चव्हाट्यावर आणणार नाही. वर्षाची ठरलेली फी तेवढी भरत जा. त्या सरकारच्या तिजोरीतला निम्म्याहून अधिक पैसा आज याच धंद्यातून येतो.

अशा कंपनीला शेल कंपनी म्हणतात. शेल म्हणजे करवंटी. आत खोबरं नसलेली. कंपनीला नोकर नाहीत, कचेरी नाही, माल नाही. एका वकिली फर्मच्या पत्त्यावर टपालपेटी आणि फाइलमध्ये चार कागद. पण कायद्याच्या नजरेत ती 'व्यक्ती' आहे. तिला बँकेत खातं उघडता येतं, लंडनमध्ये फ्लॅट घेता येतो, दुसऱ्या कंपनीचे शेअर घेता येतात. आता सातबारा डोळ्यापुढे आणा. नाव एकाचं, कसतो दुसरा, पीक तिसऱ्याच्या घरी. आपल्याकडे हे बेनामी म्हणून शतकभर चालत आलंय. फरक इतकाच की आपल्याकडे तलाठ्याला आणि अख्ख्या गावाला खरा मालक कोण ते ठाऊक असतं. टोर्टोलात गावच नाही.

हे सगळं सामान्य वाचकाला कळलं ते ३ एप्रिल २०१६ ला, पनामा पेपर्समुळे. पनामा सिटीतली मोसॅक फोन्सेका ही वकिली फर्म. १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २ लाख १४ हजारांहून जास्त कंपन्या. 'जॉन डो' एवढंच नाव सांगणाऱ्या कुणीतरी ती म्युनिकच्या 'झ्युडडॉइचे त्साइटुंग' या वर्तमानपत्राकडे पोचवली. त्यांनी शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला सोबत घेतलं, आणि पावणेचारशे पत्रकार वर्षभर गप्प राहून काम करत होते. (आमच्या सोसायटीत पाणीपट्टीची बातमी तासभर गुप्त राहत नाही.) भारतात 'इंडियन एक्स्प्रेस' त्यात होता आणि सुमारे पाचशे भारतीय नावं निघाली.

मला त्यात सर्वांत रंजक वाटलं ते फर्मचं दुकान. ती ठोक व्यापारी होती. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे, तर जगभरच्या बँका, वकील, हिशेबनीस. झुरिचची बँक आपल्या बड्या खातेदारासाठी कंपनी मागवायची, फर्म आधीच नोंदवून फळीवर ठेवलेल्यांतली एक द्यायची. डायरेक्टर हवेत? तेही मिळत. फर्मची एक कर्मचारी दहा हजारांहून जास्त कंपन्यांची कागदोपत्री संचालक होती. तिच्या सहीचा कोरा राजीनामाही आधीच फाइलला लावलेला, म्हणजे उद्या बाई ऐनवेळी "मीच मालक" म्हणायला नको. कागदावर मागची तारीख हवी असेल तर महिन्यामागे पावणेनऊ डॉलर असा दर. मी हे वाचलं तेव्हा हसू आवरेना. मागची तारीख घालणारे मी बँकेत पुष्कळ पाहिले, पण दरपत्रक कुणी छापलं नव्हतं.

आता आइसलँड. २००८ मध्ये तिथल्या तीन मोठ्या बँका बुडाल्या आणि देश गुडघ्यावर आला. लोकांची घरं गेली. पुढे २०१३ मध्ये सिग्मुंदुर दाविद गुन्लौगसन पंतप्रधान झाले. बुडालेल्या बँकांच्या परदेशी घेणेकऱ्यांशी त्यांचं सरकार घासाघीस करत होतं आणि हे गृहस्थ त्या घेणेकऱ्यांना गिधाडं म्हणत. २०१६ मध्ये कळलं की 'विंट्रिस' नावाची एक टोर्टोलावाली कंपनी त्यांनी आणि बायकोने २००७ मध्ये घेतली होती, आणि तिच्याकडे त्याच तीन बँकांचे लाखो डॉलरचे रोखे होते. मेजाच्या दोन्ही बाजूंना एकच घर! ३१ डिसेंबर २००९ ला त्यांनी आपला अर्धा हिस्सा बायकोला एका डॉलरला विकला. कडक नियम दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारीला लागू होणार होते. मुलाखतीत नाव निघालं तसे खुर्चीतून उठून गेले. संसदेसमोर हजारो लोक जमले, अंडी आणि दही मारलं (त्यांच्याकडे दह्यासारखं 'स्किर' असतं ते), आणि ५ एप्रिलला खुर्ची गेली.

यात मेख अशी की विंट्रिसवरचा कर आम्ही भरला असं दोघांचं म्हणणं होतं. करवंटी कर चुकवायलाच लागते असं नाही. आपण नेमके कुठल्या बाजूचे आहोत ते झाकायलाही तीच लागते.

बाकीचं तुम्ही लिहा. विशेषतः मॉरिशसबद्दल सीए मंडळींनी.

---

चिंगी_नागपूरची | सोमवार, रात्री ९:५०

काका, छान लिहिलंत. एक बाळबोध प्रश्न. परदेशात कंपनी असणं हाच गुन्हा आहे का? बातम्यांमध्ये नाव आलं की लगेच चोर, असं होतं ना?

---

लेखापाल_अण्णा | सोमवार, रात्री १०:३५

चिंगीताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, अर्धी कोर्टं यावरच चालतात. कंपनी असणं गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतातला रहिवासी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो आणि २०१३ पासून त्यातून परदेशात कंपनीही काढू शकतो. उत्पन्न आणि मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवली नाही, तर गुन्हा. २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा फार कडक आहे. ३० टक्के कर, त्यावर कराच्या तिप्पट दंड, आणि जाणूनबुजून चुकवलं असेल तर ३ ते १० वर्षं कैद. सुरुवातीला कबुलीसाठी तीन महिन्यांची खिडकी दिली होती. अख्ख्या देशातून ६४८ जण पुढे आले, ४,१६४ कोटी जाहीर झाले. सांगलीत बसून मला तेव्हाही हा आकडा विनोदी वाटला होता.

मॉरिशसचं वेगळं. तिथे चोरी नव्हती, राजमार्ग होता. १९८२ च्या करारात ठरलं की मॉरिशसच्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर कर मॉरिशसने लावायचा. मॉरिशस भांडवली नफ्यावर कर लावतच नाही. म्हणजे दोघांकडूनही सुटका. १९९१ नंतर बाजार उघडला तशी अमेरिकन, युरोपीय सगळी भांडवलं पोर्ट लुईचा पत्ता घेऊन आली. पुढे वर्षानुवर्षं भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीतला तिसरा हिस्सा त्या चिमुकल्या बेटावरून यायचा. २००० साली मुंबईतल्या काही अधिकाऱ्यांनी "ह्या कंपन्या नावापुरत्या आहेत" म्हणून नोटिसा काढल्या, बाजार कोसळायला लागला, आणि १३ एप्रिल २००० ला दिल्लीहून परिपत्रक क्रमांक ७८९ आलं. मॉरिशस सरकारचं रहिवासाचं प्रमाणपत्र असलं की पुरे, खोलात शिरू नका. त्याविरुद्ध आझादी बचाओ आंदोलनवाले कोर्टात गेले, २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक उचलून धरलं. करार बदलायला १० मे २०१६ उजाडला. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर भारत कर लावू शकतो, आधीचे सुटले. चौतीस वर्षं!

आणि तिथून येणारा सगळा पैसा गोऱ्यांचा होता असं समजू नका. इथूनच हवाल्याने किंवा बिलं फुगवून गेलेला पैसा 'परकीय गुंतवणूक' म्हणून तोरण बांधून परत यायचा. माहेरी जाऊन नवी साडी नेसून आलेली सून.

---

वरवंटा | सोमवार, रात्री ११:२०

+१ वगैरे ठीक आहे. पण इथे लिहिणाऱ्या किती जणांनी फ्लॅट घेताना 'कॅश कंपोनंट' दिलेला नाही? सोनाराकडे "बिल हवं की नको" विचारल्यावर काय उत्तर देता? पनामाच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. टोर्टोला परवडत नाही म्हणून आपण प्रामाणिक.

---

खाडीपलीकडे | मंगळवार, सकाळी ७:४०

वरवंटाराव, लागलं. १९९७ मध्ये कळव्याचा फ्लॅट घेताना मीही पिशवीतून रोख नेली होती, नाकारत नाही. बिल्डरच्या माणसाने नोटा मोजताना चहाही पाजला.

पण एक सांगतो. मी पकडला गेलो असतो तर माझ्या बाजूने कुणी परिपत्रक काढलं नसतं. माझ्या पिशवीला 'करनियोजन' म्हणायला मोठा वकील उभा राहिला नसता. फरक रकमेचा आहेच, त्याहून जास्त तो या सोयीचा आहे.

---

मु_पो_दुबई | मंगळवार, दुपारी १:०५

सतरा वर्षं इथे आहे, जेबेल अली बंदरात माल हलवण्याच्या धंद्यात. लोकांना वाटतं पैसा बॅगेतून जातो. बहुतेक पैसा बिलातून जातो.

उदाहरण बघा, आकडे मनचे. चीनहून न्हावाशेव्याला कंटेनर निघाला. आतल्या मालाची खरी किंमत १०० रुपये. पण चिनी कारखाना बिल करतो दुबईतल्या फ्री झोन (करसवलतीचं क्षेत्र) कंपनीला १०० चं, आणि ती कंपनी मुंबईच्या आयातदाराला १४० चं. माल इथे उतरतसुद्धा नाही, जहाज थेट जातं. मुंबईतून १४० रीतसर बँकेतून आले, ४० इथे राहिले. दुबईची कंपनी कुणाची? कागदावर मामेभावाची. निर्यात असेल तर उलटं, १०० चा माल ७० ला दाखवायचा. कस्टम ड्यूटी किती बसते त्यावर फुगवायचं की पाडायचं ते ठरतं. त्याचंही गणित तोंडपाठ असलेली माणसं आहेत इथे.

कंपनी काढायला कचेरी लागते हा नियम, म्हणून 'फ्लेक्सी डेस्क' मिळतो. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं, टेबलाला नंबर, आणि एका टेबलावर किती कंपन्या ते विचारू नका. मी एकदा एका कंपनीला पैसे मागायला पत्त्यावर गेलो तर टेबलावर झाडाची कुंडी होती. वसुली अजून बाकी आहे.

२०२३ पासून इथेही ९ टक्के कंपनी कर आलाय. फ्री झोनला अटींवर सूट आहे, पण "खरंच काम करता का" हे आता विचारतात. कुंडीवाल्यांची पंचाईत झालीये थोडी.

---

चिंगी_नागपूरची | मंगळवार, दुपारी १:३०

कुंडी!! 😂

पण काका, तुमच्या टेबलावर अशी बिलं यायची तेव्हा तुम्हाला कळायचं नाही का?

---

खाडीपलीकडे | मंगळवार, दुपारी ३:१५

कधीकधी कळायचं. कागद पुरे असले की पैसे पाठवायचे. बिल, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), आयातीचा पुरावा. प्लॅस्टिकच्या दाण्यांचा भाव काय असतो हे मला कुठून ठाऊक? एकदा एका बिलावर संशय आला म्हणून साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "गिऱ्हाईक विसाव्या मजल्यावरचं आहे, तुम्ही तळमजल्यावर बसता." मी सही केली. हे लिहायला आवडत नाही, पण विचारलंत म्हणून.

---

साधा_माणूस_भायंदर | मंगळवार, रात्री १०:१०

बरेच दिवस नुसता वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. काकांनी दहा हजार कंपन्यांच्या संचालक बाईंबद्दल लिहिलं, त्यांच्याबद्दल मला जरा जिव्हाळा वाटला, कारण मी सहा कंपन्यांचा डायरेक्टर होतो.

२००९ मध्ये एका सीएकडे आर्टिकलशिप (उमेदवारी) करत होतो. पगार म्हणजे स्टायपेंड, लोकलचा पास आणि वडापाव यात संपायचा. सरांनी एकदा पॅनची झेरॉक्स आणि फोटो मागितले. "तुझा डिन काढून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल." (डिन म्हणजे कंपनीचा डायरेक्टर व्हायला लागणारा नंबर.) मला वाटलं सर किती काळजी करतात. मग दर दोन-तीन महिन्यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या. ऑफिसचा शिपाईही माझ्याबरोबर डायरेक्टर होता. आम्ही दोघं चेष्टेत एकमेकांना "चेअरमनसाहेब, चहा" म्हणायचो. सगळ्यांचा पत्ता एकाच चाळीतली एक खोली. तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवलेल्या असत.

काय चालतं ते पुढे कळलं. कंपनीकडे धंदा शून्य. ती १० रुपयांचा शेअर ५०० ला विकते, घेणारी दुसरी तशीच कंपनी. कुणाची तरी रोकड चार-पाच कंपन्यांतून फिरत शेवटी 'शेअर प्रीमियम' म्हणून पांढरी होऊन मूळ मालकाच्या कंपनीत येते. याला 'एन्ट्री' म्हणतात, देणारा एन्ट्री ऑपरेटर, टक्क्यावर काम. कोलकाता यात आघाडीवर, तिथे अशांना जमाखर्ची कंपनी म्हणतात.

मी २०१२ मध्ये तिथून निघालो, विसरूनही गेलो. २०१७ मध्ये सरकारने सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्या नोंदवहीतून काढल्या आणि तीन लाखांवर डायरेक्टर अपात्र ठरवले. सलग तीन वर्षं विवरणपत्रं न भरलेल्या कंपनीचा संचालक पाच वर्षं अपात्र, असा नियम. त्याच वर्षी मी आणि मेहुणा मिळून पॅकेजिंगची छोटी कंपनी काढत होतो. फॉर्म अडकला. यादीत माझं नाव. मेहुण्याने घरी जे काही सांगितलं त्यानंतर दिवाळीला सासरी जायची सोय राहिली नाही. सरांना फोन केला तर म्हणाले, "सही तुझीच आहे ना?"

ज्यांचा पैसा पांढरा झाला त्यातल्या एकाचंही नाव मला आजतागायत माहीत नाही.

---

लेखापाल_अण्णा | मंगळवार, रात्री १०:५५

भायंदरकर, आमच्या व्यवसायातली ही घाण आहे आणि तिच्याबद्दल आम्ही आपसात फारसं बोलत नाही. तुमच्या सरांसारखे मी पाहिलेत.

त्या शेअर प्रीमियमवर २०१२ मध्ये कर लावला होता. त्यात एन्ट्रीवाले कमी आणि खरीखुरी स्टार्टअपवाली पोरं जास्त सापडली. शेवटी २०२४ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला.

---

फाँटप्रेमी | बुधवार, सकाळी ८:३०

विषय गंभीर झालाय, जरा अवांतर. पनामा पेपर्समधलं माझं आवडतं पात्र म्हणजे कॅलिब्री, कॉम्प्युटरवरचा एक फाँट.

लंडनच्या पार्क लेनवरचे ॲव्हनफील्ड हाउसमधले फ्लॅट नेस्कॉल आणि नील्सन या टोर्टोलावाल्या कंपन्यांच्या नावावर निघाले, आणि संबंध पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाशी. मुलगी मरियम म्हणाली, मी मालक नाही, भावासाठी नुसती विश्वस्त आहे, हा घ्या २००६ च्या फेब्रुवारीतला करारनामा. तपासणाऱ्यांनी तो लंडनच्या तज्ज्ञाकडे पाठवला. टाइप कॅलिब्रीत. आणि कॅलिब्री बाजारात आला २००७ च्या जानेवारीअखेर! मोसॅकवाल्यांना महिन्याचे पावणेनऊ डॉलर दिले असते तर निदान टाइम्स रोमन तरी मिळाला असता.

आपल्याकडे हे धरताच आलं नसतं. जमिनीचे कागद अजून शिवाजी नाहीतर कृतिदेवमध्ये.

---

लेखापाल_अण्णा | बुधवार, सकाळी ९:२०

गंमत खरी, पण शेवट पुरा सांगा. २८ जुलै २०१७ ला शरीफ यांचं पद गेलं ते फ्लॅटमुळे नाही. मुलाच्या दुबईतल्या कंपनीकडून न घेतलेला पण येणे असलेला पगार उमेदवारी अर्जात दाखवला नव्हता, म्हणून. फ्लॅटच्या खटल्यात २०१८ मध्ये बापलेकीला शिक्षा झाली आणि पुढे इस्लामाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मरियमना, २०२३ मध्ये नवाझना निर्दोष सोडलं. २०२४ मध्ये मरियम पाकिस्तानातल्या पंजाबची मुख्यमंत्रीही झाली.

---

वरवंटा | बुधवार, सकाळी ९:४५

म्हणजे एकूण हिशेब काय? मोसॅक फोन्सेकावाले तरी आत गेले का?

---

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी ११:३०

फर्म २०१८ च्या मार्चअखेर बंद पडली. पनामात खटला उभा राहिला तो २०२४ च्या एप्रिलमध्ये. निकाल यायच्या आधी, मे महिन्यात, फर्मच्या दोन संस्थापकांपैकी एक, रामोन फोन्सेका, वारले. जूनमध्ये कोर्टाने दुसरे संस्थापक मोसॅक यांच्यासकट सगळे २८ आरोपी सोडले. मिळवलेला डिजिटल पुरावा कसा आला, कुणाच्या हातून आला, याची साखळी धड नव्हती, हे एक कारण.

आपल्याकडचा हिशेब: २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात संसदेत लेखी उत्तर दिलं गेलं. पनामा आणि पॅराडाइज पेपर्स (२०१७ मध्ये फुटलेली अशीच दुसरी कागदपत्रं) मिळून भारताशी संबंधित ९३० प्रकरणांत २०,३५३ कोटींच्या अघोषित जमा सापडल्या. तोवर कर वसूल झाला १५३ कोटी ८८ लाख.

आणि एक नाव इथे घ्यायलाच हवं. माल्टाची पत्रकार दाफ्ने कारुआना गालिझिया. तिथल्या मंत्र्यांच्या पनामातल्या कंपन्यांबद्दल ती आपल्या ब्लॉगवर लिहीत होती. १६ ऑक्टोबर २०१७ ला दुपारी घराजवळ तिच्या गाडीत बॉम्ब फुटला. तिच्या खुनाच्या तपासातूनच पुढे पंतप्रधान जोसेफ मस्कट यांना पायउतार व्हावं लागलं. आपण इथे कुंडीवर हसतोय, तिने याची किंमत मोजली.

---

लेखापाल_अण्णा | बुधवार, दुपारी १२:१०

काका, आकड्यांत एक तांत्रिक दुरुस्ती. २०,३५३ कोटी म्हणजे खात्यांत सापडलेल्या जमा रकमा, बुडालेला कर नव्हे. कर त्याचा काही भाग होईल, आणि त्यातलंही बरंच अपिलात अडकतं. तरी १५४ कोटी म्हणजे... असो.

---

फोर्टातला_वकील | बुधवार, रात्री ११:५५

व्होडाफोन कुणीच कसं काढलं नाही? ती तर आपल्या मुंबईची गोष्ट.

हच आठवतंय? गुलाबी जाहिराती, पग कुत्रा. ती हचिसन एस्सार ही मुंबईची कंपनी, तिचे टॉवर, परवाने, ग्राहक सगळे भारतात. २००७ मध्ये तिचा ६७ टक्के हिस्सा व्होडाफोनकडे गेला, सौदा सुमारे ११ अब्ज डॉलरचा. पण भारतातला एकही शेअर हलला नाही. कॅरिबियनमधल्या केमन बेटांवर सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स नावाची कंपनी होती, तिचा एक शेअर. अक्षरशः एक. तो हचिसनच्या व्हर्जिन आयलंड्समधल्या कंपनीने व्होडाफोनच्या डच कंपनीला विकला. सीजीपीखाली मॉरिशसच्या कंपन्यांची उतरंड, आणि सर्वांत खालच्या मडक्यात हच. वरचं मडकं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेलं की खालची सगळी आपोआप गेली.

आयकर खात्याने नफा कमावणाऱ्याला सोडून घेणाऱ्याला धरलं: पैसे देताना तुम्ही टीडीएस का कापला नाही? मागणी ११ हजार कोटींच्या वर. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खातं जिंकलं. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने उलटवलं: कायद्यात जे लिहिलंय त्यात केमनचा शेअर बसत नाही. मग सरकारने काय केलं? त्याच वर्षी कायद्यात 'स्पष्टीकरण' घातलं आणि ते १ एप्रिल १९६२ पासून लागू केलं. क्रिकेट संपल्यावर एलबीडब्ल्यूचा नियम बदलून गावसकरांना बाद द्यावं तसं. २०२० मध्ये हेगच्या लवादात भारत हरला, केर्न एनर्जीच्या अशाच प्रकरणातही हरला, २०२१ मध्ये संसदेने पूर्वलक्षी कर मागे घेतला. केर्नला सुमारे ७,९०० कोटी परत गेले.

मी तेव्हा ज्युनियर होतो, उच्च न्यायालयात मागच्या बाकावर उभा राहून ऐकायचो. मला आजही वाटतं की दोन्ही बाजू बरोबर होत्या. उतरंड खरीच कर टाळायला सोयीची होती, आणि कायद्याला ती खरीच दिसत नव्हती. पूर्वलक्षी दुरुस्तीने मात्र वाट लावली. २०१२ नंतरच्या व्यवहारांना ती पुढे लागू केली असती तर कुणी हरकत घेतली नसती.

---

खाडीपलीकडे | गुरुवार, सकाळी ७:१५

वकीलसाहेब, उतरंडीची उपमा फार आवडली. दोन्ही बाजू बरोबर म्हणता, तिथे मी अडतो. उतरंड रचायला ज्यांच्याकडे माणसं आहेत त्यांना कायद्यातली फट आधी दिसते आणि सरकारला दहा वर्षांनी. मग ती दहा वर्षं कायदेशीरच धरायची?

---

फोर्टातला_वकील | गुरुवार, सकाळी १०:०२

हो. नाहीतर तुमच्या १९९७ च्या पिशवीलाही मी पूर्वलक्षी लावेन.

---

खाडीपलीकडे | गुरुवार, सकाळी १०:२०

ती पिशवी तेव्हाही बेकायदाच होती हो, नवा कायदा कशाला लागतोय! बाकी तुमचा मुद्दा पोचला. पटला नाही.

---

नीरजा_पाषाण | गुरुवार, रात्री ९:४५

हा धागा वाचताना घाम फुटतोय. माझी कंपनी अमेरिकन, पगारासोबत त्यांचे शेअर देते. पाच वर्षांत ८४ शेअर झालेत. कर पगारातच कापला जातो, म्हणून मी कधी वेगळं काही दाखवलं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आयकर खात्याचा संदेश आला: तुमची परदेशी मालमत्ता दिसते, शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरलं का? दोन्ही देश आता आपापसात खात्यांची माहिती देतात म्हणे. नवरा म्हणाला, "अगं, तू तर पनामावाली निघालीस." दंड १० लाख वाचून मी दोन रात्री झोपले नाही. शेवटी ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरलं. पण आधीच्या वर्षांचं काय? त्याच काळ्या पैशाच्या कायद्यात मी बसते का?

---

लेखापाल_अण्णा | गुरुवार, रात्री १०:३०

हो ताई, त्याच कायद्यात. टोर्टोलावाल्यांसाठी बांधलेला पिंजरा, आत पाषाणची इंजिनिअर. कर पूर्ण भरलेला असला तरी नुसतं न दाखवल्याबद्दल दंड लागू शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड नाही, एवढा दिलासा. आधीच्या वर्षांबद्दल मात्र इथे चार ओळींत सल्ला देणार नाही. सगळी कागदपत्रं घेऊन जवळच्या सीएला भेटा.

एक गोम सांगून ठेवतो, बहुतेक जण इथे चुकतात. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचं, ३१ डिसेंबरची स्थिती. वर्षातली सर्वांत मोठी किंमतही विचारतात. डॉलरचा भाव स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर).

---

नीरजा_पाषाण | गुरुवार, रात्री १०:४१

अण्णा, मी ३१ मार्चचे आकडे भरलेत. 😐

---

साधा_माणूस_भायंदर | गुरुवार, रात्री ११:०५

ताई, घाबरू नका, पुन्हा सुधारता येत असेल तर बघा. माझी पाच वर्षं संपली, आता डिन चालू आहे. मेहुणा अजून बोलत नाही.